आतली भिंत काढायची, गच्चीवर खोली चढवायची: परवानगीत सूट मिळाली तर धोका कुठे?

रामबागकर:
जुन्या इंदुरात गर्डर-फरशीची घरं अजून बरीच आहेत. 9 इंची विटांच्या भिंती, त्यांवर लोखंडी गर्डर आणि वर दगडी फरशा. अशा घरात मधली भिंत काढून हॉल मोठा करायचा आणि गच्चीवर 12 बाय 12 फुटांची खोली बांधायची आहे. ठेकेदार म्हणतो, ‘घरातलंच काम, परवानगी कशाला?’ अशा कामांना सरसकट सूट द्यावी, असंही बरेच जण म्हणतात. जाणकारांनी सांगावं.

भारवाहक:
रंग, प्लास्टर, फरशी बदलणं, फॉल्स सीलिंग यांना राष्ट्रीय इमारत संहितेतही परवानगी लागत नाही, आणि ते योग्यच आहे. भिंत काढणं त्यात बसत नाही. आधी गर्डरची टोकं कुठे टेकली आहेत ते बघा. त्याच भिंतीत असतील तर अख्खं छत तिच्यावर आहे.

काढायचीच असेल तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक गर्डरखाली जॅक लावा आणि जॅकखाली जाड फळी घाला. जॅक छताच्या दगडी फरशीच्या मध्याखाली कधीच लावू नका. खालून रेटा आला की दगड वरच्या अंगाने तडकतो. भिंतीच्या जागी येणाऱ्या नवीन गर्डरचं माप इंजिनियरने हिशोब करून द्यायचं. त्याची टोकं थेट विटांवर नकोत, काँक्रीटच्या बेड ब्लॉकवर (वजन पसरवणाऱ्या ठोकळ्यावर) टेकवा. फट न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मसाल्याने) भरा आणि ते पुरतं कडक झाल्यावरच जॅक सोडा. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच: टोकांखाली उरलेल्या वीतभर भिंतीवर एका जागी सगळं वजन येतं, आणि तिचा पाया काळ्या मातीत असतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते.

रामबागकर:
आणि वरची खोली?

भारवाहक:
साडेचार इंची विटांच्या चार भिंती 8–9 टन, 4 इंची स्लॅब सव्वातीन टन. फर्निचर आणि 1000 लिटरची टाकी वेगळी. एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) घेतले तर भिंतींचं वजन निम्म्याहून खाली येतं, पण जुना पाया उघडून बघितल्याशिवाय तेही नको.

शेजारधर्म:
नुसता घरमालकाचा प्रश्न असता तर सूट चालली असती. दाट वस्तीत भिंत सामाईक असते, शेजाऱ्याचे गर्डरही तिच्यातच रोवलेले. तुमच्या तोडफोडीने तडा त्याच्या घरात जातो, आणि नकाशा कुठे दाखलच नसेल तर काय बदललं हे तो सिद्ध कशावरून करणार? कागद कमी करा, हरकत नाही. स्ट्रक्चर इंजिनियरची सही आणि शेजाऱ्याला लेखी सूचना या दोन गोष्टी मात्र सोडता येणार नाहीत.

बावडी:
जमिनीखाली काय आहे तेही तपासा. इंदुरातल्याच पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात 30 मार्च 2023 ला, रामनवमीच्या दिवशी, बावडीवर (पायऱ्यांच्या विहिरीवर) घातलेलं छत गर्दीखाली कोसळलं आणि 36 माणसं गेली. जुन्या वाड्यांत विहिरी आणि सेप्टिक टँक असेच झाकलेले असतात. नवा भार येईल त्या प्रत्येक जागी पायाच्या तळापर्यंत खड्डा घेऊन बघा. ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर काम तिथेच थांबवा आणि इंजिनियरला बोलवा.