दुवे जोडलेली टिपणं: विचार वाढतो की नुसतं बाड?

पाटपाणी

गेली चार वर्षं मी खानदेशातल्या फड पद्धतीवर लिहितोय. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर छोटे बंधारे घालून पाटाने पाणी न्यायची आणि गावाने मिळून ते वाटायची ही जुनी व्यवस्था. फड म्हणजे पाण्यासाठी पाडलेला शिवाराचा एक भाग. पहिली दोन वर्षं माझी टिपणं विषयवार वह्यांत होती. बंधाऱ्यांची एक, पिकांची एक, गावांची एक. वह्या भरत गेल्या, लेख मात्र होईना. मग ऑब्सिडियन हे टिपणं जोडायचं ॲप घेतलं, एका टिपणात एकच मुद्दा असं सगळं स्वतःच्या शब्दांत नव्याने उतरवलं आणि टिपणं एकमेकांना जोडत गेलो. आज सहाशेच्या आसपास टिपणं आहेत. त्यांतून तीन लेख झाले.

ही पद्धत विचाराला खरोखर हात देते असं माझं ठाम मत आहे. का, ते एका उदाहरणाने सांगतो.

एक टिपण होतं: 'एका फडात एका हंगामाला सगळ्यांचं पीक एकच. त्यामुळे पाटकरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पाणी देत जातो.' दुसरं सहा महिन्यांनी केलं, पुरंदर तालुक्यातल्या पाणी पंचायतीचं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला उभं केलेलं काम. तिथे पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, माणशी. डोई अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि ऊस बंद.

वहीत हे टिपण 'पुरंदर'च्या पानावर जाऊन पडलं असतं. इथे टिपण केलं की मी स्वतःला विचारतो, हे कशाला जोडू आणि का? ते फडाच्या टिपणाला जोडलं आणि दुव्याशेजारी लिहिलं: 'दोन्हीकडे काय पेरायचं हे एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. पाणी वाटायचं तर आधी पीक वाटावं लागतं.' माझा दुसरा लेख या वाक्यावर उभा आहे.

ही पद्धत निक्लास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. साधारण पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर त्यांनी आयुष्यभरात सुमारे ९० हजार चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीला कायमचा क्रमांक. २१ नंतर २२ आहेच, पण २१ वरून काही सुचलं तर २१अ मधे शिरते, तिच्यावरून सुचलं तर २१अ१. त्यामुळे मांडणी आधी पक्की करावी लागत नाही. १९८१ च्या एका निबंधात त्यांनी या चिठ्ठ्यांना संवादातला जोडीदार म्हटलंय, कारण आपण विसरलेलं ते पुढे आणतात आणि चकित करतात.

ज्यांनी वापरून सोडलं त्यांचंही ऐकायचं आहे.

दौतशाई

पाटपाणी, तुमचा तो लेख मी वाचलाय, मला आवडला, म्हणूनच लिहिते. श्रेय चुकीच्या खात्यावर पडतंय.

पुरंदरचं टिपण केलंत तेव्हा दोन वर्षांहून अधिक काळ फड तुमच्या डोक्यात घोळत होता. पांझरेकाठी पायी हिंडलेल्या माणसाला 'ऊस बंद' वाचल्यावर फड आठवणारच. पाकिटाच्या पाठीवर लिहिलं असतंत तरी आठवला असता. जोडलं तुम्ही. दुवा नंतर टाकलात.

मी सव्वीस वर्षं वृत्तपत्रांसाठी लिहिलं, त्यातली सहा धुळे जिल्ह्यात. एका विषयाला एक वही, आणि लिहायला बसताना वही मिटायची. मिटल्यावर जे उरतं तेच लेखात जातं. नाव, आकडा, तारीख तपासायला तेवढी ती पुन्हा उघडायची. विसरताना धान्य पाखडल्यासारखं होतं, फोलपट उडून जातं. तुमच्या सहाशे टिपणांत फोलपटही दाण्याइतकंच जपून ठेवलंय, आणि प्रत्येक वेळी ते समोर येणार.

लूमान यांचं म्हणाल तर बीलेफेल्ड विद्यापीठात रुजू होताना त्यांनी संशोधनाचा विषय सांगितला 'समाजाचा सिद्धांत', मुदत तीस वर्षं, खर्च काही नाही. तो ग्रंथ १९९७ साली आला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. एवढा मोठा प्रश्न ज्याने उराशी धरलाय त्याच्या चिठ्ठ्या त्या प्रश्नाभोवती गोळा होणारच. प्रश्न नसेल तर ९० हजार चिठ्ठ्यांचं बाडच होईल.

रोजकीर्द

दौतशाई ताई, आमच्या धंद्यातून सांगतो. मी हिशेबनीस आहे, वडीलही होते.

कीर्दीत व्यवहार तारखेवार उतरतो. आज तेलाचे डबे आले, उद्या हमाली दिली, परवा कोणाची उधारी जमा झाली. नंतर बसून खतवायचं. म्हणजे प्रत्येक नोंद उचलून तिच्या तिच्या खात्यावर न्यायची. कीर्दीत खाते पानाचा रकाना असतो, त्यात खतावणीचं पान लिहायचं आणि खतावणीत कीर्दीचं. दोन्हीकडून वाट राहते. नुसती कीर्द चाळून अमुक व्यापाऱ्याकडून येणं किती, हे कोणी सांगू शकत नाही. खतवल्यावर कळतं. आणि चुका सापडतात त्याही खतवतानाच, कारण तीच नोंद दुसऱ्यांदा हाताखालून जाते.

तुमची वही कीर्द आहे. पाटपाणी खतवताहेत. दुवा नंतर टाकला असं तुम्ही म्हणता, पण नोंद दुसऱ्यांदा हाताखालून जाण्यातच काम आहे.

आणखी एक. वही मिटून लिहायला सलग वेळ लागतो. मला रात्री जेवणानंतर तास मिळतो, तोही रोज नाही. गावच्या बाजारपेठेचा इतिहास लिहायचा म्हणून मी सात वर्षं धडपडतोय. पंधरा दिवसांनी बसलो की मागचं सूत हाती लागायला तासातली चाळीस मिनिटं जायची. आता शेवटचं टिपण उघडतो, त्याचे तीन-चार दुवे वाचतो आणि दहा मिनिटांत लिहायला लागतो.

अभ्यासिका

मी तालुक्याच्या गावी अभ्यासिका चालवतो. या पद्धतीने काय होतं ते मी समोर पाहिलंय, म्हणून कळकळीने लिहितो.

राज्यसेवेची तयारी करणारा एक मुलगा सात महिने टिपणं जोडत होता. एक दिवस त्याने पडद्यावर ते जाळं उघडून दाखवलं. शेकडो ठिपके, विषयवार रंग, मधून मधून रेघा. दिसायला खरंच सुंदर. मी एका ठिपक्यावर बोट ठेवलं, ७३ वी घटनादुरुस्ती. म्हटलं, पडदा न बघता पाच मिनिटं बोल. दोन वाक्यांत थांबला. टिपण उघडलं तर अकराव्या अनुसूचीतले २९ विषय शब्दशः चिकटवलेले, आणि टिपणाला सोळा दुवे. पोराचे डोळे भरले. मलाही गलबलून आलं, कारण तो आळशी नव्हता. रोज चार-चार तास बसत होता. फक्त ते तास त्याच्या डोक्यात कुठे गेलेच नव्हते.

रोजकीर्द म्हणतात नोंद हाताखालून जाते. चिकटवलेली नोंद हाताखालून जात नाही. विशीतल्या मुलांना ही साधनं देताना आपण हे सांगत नाही. रंग कसे भरायचे ते सांगतो.

येरवडाकर

चिठ्ठ्यांचं सगळ्यात मोठं काम पुण्यातच आहे आणि या चर्चेत त्याचं नाव यायला हवं. डेक्कन कॉलेजचा संस्कृत महाकोश. १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांनी सुरू केला. वेदांपासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्द, त्याचं उदाहरण आणि ते कुठलं याचा संदर्भ असं एकेका चिठ्ठीवर उतरवलं. चिठ्ठ्या झाल्या सुमारे एक कोटी. वेचणीलाच पंचवीस वर्षं गेली. पहिला भाग १९७६ ला छापून आला, आणि तेव्हापासून खंड निघताहेत ते अजून 'अ'ने सुरू होणाऱ्या शब्दांचेच.

यात उणेपणा नाही. शब्दाचा अर्थ शतकानुशतकं कसा सरकला हे दाखवायचं तर हाच मार्ग, आणि ज्यांनी त्यात हयात घालवली त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण कोशाला एकही शब्द सोडता येत नाही. लेख लिहिणाऱ्यावर असं बंधन नसतं, तरी जोडटिपणं करणारे पुष्कळजण कोश करायला बसल्यासारखे वागतात. शिवाय त्या कामातसुद्धा वेचणी एके दिवशी थांबवून लिहायला घेतलं होतं. पाटपाणी, तुमची वेचणी कधी थांबणार, हे ठरलंय का?

अनुस्वार

मी दोन्ही बाजूंच्या मधे उभी आहे. पण मराठीत ही पद्धत चालवताना जे अडतं ते कोणी लिहीत नाही.

टिपणाचं नाव 'बंधारा'. लिहिताना मात्र आपण म्हणतो बंधाऱ्यावर, बंधाऱ्याची, बंधाऱ्यांमुळे. सामान्यरूप झालं की मूळ शब्द यंत्राला ओळखू येत नाही. 'या शब्दाचा उल्लेख आणखी कुठे आहे' हे आपोआप दाखवायची सोय इंग्रजीत बरी चालते, आपल्याकडे निम्मे उल्लेख निसटतात. त्यातून 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक नुक्ता दिलेल्या ऱ पासून, दुसरा साध्या र चा पाय मोडून आणि पुढे डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधाला दोन वेगळे शब्द. मोबाइलवर केलेलं टिपण लॅपटॉपवर सापडेना, तेव्हा मला हे कळलं. शिवाय पाणीवाटप की पाणी वाटप, हे आहेच.

मी आता प्रत्येक टिपणाला पर्यायी नावं देते, 'बंधाऱ्या' आणि 'बंधाऱ्यां' सकट. दुवे हातानेच टाकते. वेळ जातो. पण शोधावर विसंबून 'माझ्याकडे यावर एवढंच आहे' असं मी एकदा छापून बसले होते आणि ते खरं नव्हतं, त्यापेक्षा हा वेळ परवडला.

पाटपाणी

अभ्यासिका सर, तुम्ही सांगितलेला मुलगा मनातून जात नाही. चिकटवलेल्या मजकुराला दुवा द्यायचा नाही, आणि 'का' हे वाक्य सुचलं नाही तर दुवा टाकायचाच नाही, हे दोन नियम मी पाळतो. ते पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवे होते. सोळा दुवे असलेलं माझ्याकडे एकही टिपण नाही. लूमान यांच्या शब्दसूचीतसुद्धा एका शब्दापुढे मोजकेच क्रमांक असत. तिथून आत शिरायचं आणि पुढे चिठ्ठीवरून चिठ्ठीवर जायचं.

अनुस्वार, हाताने दुवे टाकावे लागतात याचा मला फायदाच झाला. आपोआप जोडलं गेलं असतं तर 'का' विचारलंच नसतं.

दौतशाई, एका बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. लूमान यांनी चिठ्ठ्या १९५० च्या दशकात सुरू केल्या, प्राध्यापक होण्याच्या कितीतरी आधी. बीलेफेल्ड आणि तो तीस वर्षांचा विषय पुष्कळ नंतरचा. चिठ्ठ्या आधी होत्या, प्रश्न त्यांतून मोठा होत गेला असंही म्हणता येतं.

येरवडाकर, वेचणी थांबवायचं ठरलं नव्हतं. आता ठरवतो. फडाचं नवीन टिपण दिवाळीनंतर नाही.

दौतशाई

तारखांचं मान्य. पण तुमच्या त्या दुव्याकडेच परत येते, कारण माझी शंका तिथेच आहे.

'दोन्हीकडे पीक एकट्याच्या हातात नाही' हे बरोबर. पण मी साक्री भागात हिंडलेय. फड पद्धतीत ऊस वर्ज्य नाही. शिवाराचे फड पाडतात, त्यांतला एक उसाचा असतो, बाकीच्यांत हंगामी पिकं, एखादा पडीक, आणि दर वर्षी फेरपालट. पाणी पंचायतीत ऊस मुळातूनच नाही. हा फरक किरकोळ नाही, सगळा प्रश्नच त्यात आहे. तुमच्या वाक्याने दोन टिपणं जोडली आणि फरक झाकला. दुवा टाकला की साम्यच दिसायला लागतं, कारण साम्य दिसलं म्हणूनच तो टाकलेला असतो. वही मिटून लिहिताना मला आधी आठवतं ते न जुळणारं.

पाटपाणी

ही चूक आहे आणि ती लेखातही गेलीय. फेरपालटाचं टिपण माझ्याकडे वेगळं आहे, पुरंदरच्या टिपणाला ते जोडलेलंच नव्हतं. आता तिन्ही समोर ठेवून दुव्याचं वाक्य बदललं, जसं लिहिलं तसं देतो:

'फडात ऊस चालतो, पण त्याच्या फडात आणि पाळी येईल तेव्हाच. पाणी पंचायतीत चालतच नाही. फडात पाणी शिवाराला बांधलेलं आहे, म्हणून पिकाची पाळी लावली की भागतं. पंचायतीत पाणी डोईला बांधलेलं आहे आणि भूमिहीनही वाटेकरी आहे, म्हणून सगळ्यांचं पाणी पिणारं पीकच नाकारावं लागतं.'

दौतशाई

हे आधीपेक्षा कितीतरी खरं आहे. पण यातले दोन 'म्हणून' तुमचे आहेत, गावाने ते अजून सांगितलेले नाहीत. फडाच्या गावात जमीन नसलेल्याचा पाण्याशी काय संबंध येतो, हे एखाद्या जुन्या पाटकऱ्याला विचारलंय का?

पाटपाणी

नाही विचारलेलं. सहाशेत ते टिपण नाही. ते दिवाळीच्या आत व्हायला हवं. या रविवारी साक्रीला जातोय.