मदत हवी आहे: १९८२ च्या गोल्डविंगचे टायमिंग बेल्ट घरीच बदलतोय, डावीकडची खूण जुळेना

नमस्कार मंडळी,

गॅरेजात गाडी उघडी पडलीये, काम अर्ध्यावर आहे, त्यामुळे जाणकारांनी जरा लवकर लक्ष घाला ही विनंती.

गाडी होंडा गोल्डविंग जीएल ११००, इंटरस्टेट मॉडेल, १९८२ ची. मी कोलंबसजवळ (ओहायो) राहतो आणि गंमत म्हणजे ही गाडी इथून पाऊण तासावरच्या मेरिसव्हिलच्या कारखान्यात बनलेली आहे, १९८० पासून होंडा गोल्डविंग तिथेच बनवायला लागली होती. एका आजोबांकडून घेतली, त्यांच्याकडे ती बरीच वर्षं नुसतीच उभी होती. ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, चार सिलिंडर, दोन डावीकडे दोन उजवीकडे आडवे झोपलेले, १०८५ सीसी, कूलंटवर थंड होणारं इंजिन, मागच्या चाकाला चेन नाही तर शाफ्ट (फिरता दांडा), आणि पेट्रोलची टाकी सीटखाली. पुढे जी टाकी दिसते ती खोटी. पहिल्यांदा पेट्रोल भरायला नेली तेव्हा पंपावरचा एक जण बघतच राहिला होता.

आता मुद्दा. आपल्याला जुन्या बुलेटचे पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) माहीत, स्प्लेंडरची टायमिंग चेन माहीत, पण या गाडीत इंजिनाच्या पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या मागे, दोन दातेरी रबरी बेल्ट असतात, डाव्या हेडला (सिलिंडरच्या टोकाचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) एक, उजव्या हेडला एक. क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना ते एका तालात फिरवतात. १९७५ च्या जीएल १००० पासून ते जीएल १५०० पर्यंत होंडाने बेल्टच ठेवले, २००१ च्या १८०० ला चेन आली. आणि हे इंजिन असं आहे की बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आपटतो, म्हणजे व्हॉल्व्ह वाकणार, हेड उतरवावं लागणार, आणि तेवढ्या खर्चात दुसरी जुनी गोल्डविंग येईल. माझ्या गाडीचे बेल्ट शेवटचे कधी बदलले हे सांगायला कोणी नाही आणि रबर काय किलोमीटर बघून म्हातारं होत नाही, म्हणून सुरू करायच्या आधीच बदलायचे ठरवलं. इथल्या जुन्या गोल्डविंगवाल्यांचं ऐकून गेट्स कंपनीचे टी०७० नंबरचे बेल्ट मागवले, दोन्ही बाजूंना एकच नंबर बसतो, होंडाच्या डब्यातल्यापेक्षा बरेच स्वस्त. सोबत बेल्ट ताणून धरणारे टेन्शनरही नवे घेतले कारण जुन्याचं बेअरिंग हाताने फिरवलं तर खरखर करत होतं.

आत्तापर्यंत काय केलं: बॅटरी सोडली, स्पार्क प्लग काढले म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं, रेडिएटर काढून बाजूला ठेवला (काही जण म्हणतात न काढताही होतं, होत असेल, पण माझे हात एवढे बारीक नाहीत), बेल्टची कव्हरं काढली. मग क्रँक फिरवून फ्लायव्हीलवरची (क्रँकसोबत फिरणारं जड चाक) टी-१ ची खूण, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन टोकाला असतानाची, मागच्या भोकातून केसवरच्या खुणेला जुळवली. दोन्ही कॅम पुल्यांवरचे बाण आपापल्या खुणेला होते, फोटो काढून ठेवलेत. जुना बेल्ट सुटला तशी एक पुली व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने टचकन थोडी फिरली, तिला अलगद जागेवर आणून नवीन बेल्ट चढवले.

आता अडचण. टी-१ बरोबर जागेवर, उजवा बाण बरोबर जागेवर, पण डावा बाण साधारण अर्धा दात मागे दिसतोय. बेल्ट एक दात पुढे घेऊन बघितला तर तेवढाच पुढे जातो. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. प्रश्न असे:

एवढा फरक चालतो का? गेट्सच्या बेल्टमुळे असं होतं का? की माझंच बघायचं काहीतरी चुकतंय?

कोल्हापूरच्या मामाला व्हॉट्सॅपवर विचारलं, तो म्हणाला मोटरसायकलला बेल्ट नसतोच, चेनच असते, नीट बघ. त्यामुळे तिकडून मदत संपली.

दोन_चाकी_दादा: टी-१ आणि टी-२ मध्ये घोळ नाही ना? फ्लायव्हीलवर दोन्ही खुणा आहेत आणि त्या भोकातून ग्रीस-धुळीत सगळं सारखंच दिसतं. चिंधीने पुसून टॉर्च मारून परत बघ.

ओहायोकर: बघितलं दादा, टी-१ च आहे. पांढऱ्या पेंटने खूण करून ठेवली. आणि टी-२ असती तर दोन्ही बाण भलतीकडे गेले असते ना, उजवा बरोबर बसतोय.

सांगलीचा_मिस्त्री: गोल्डविंग मी आयुष्यात हाताळली नाही, आधीच सांगतो. पण मारुती ८०० चे बेल्ट पोत्याने बदललेत आणि तुमचं वर्णन वाचून दुखणं ओळखीचं वाटतंय. साहेब, अर्धा दात चुकवताच येत नाही. दात एक तरी चुकतो नाहीतर चुकतच नाही. अर्धा दिसतोय म्हणजे बेल्टचा जो भाग ताणलेला असायला पाहिजे तिथे ढील राहिलीये. क्रँक कॅमला ज्या बाजूने ओढतो ती बाजू ताठ पाहिजे आणि सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला यायला पाहिजे. टेन्शनर आत्ता घट्ट आवळलेत का?

ओहायोकर: हो, चढवताना जागा मिळावी म्हणून मागे ओढून आवळले होते, ते तसेच आहेत. खुणा जुळल्या की सोडणार होतो.

सांगलीचा_मिस्त्री: मग झालं की. टेन्शनर मागे असताना बेल्ट लोंबतोय, त्यावर खूण काय बघायची. तुम्हाला वाटतं तो योग्य दात धरा (बाण मागे दिसतोय तोच बहुतेक). मग टेन्शनरचे बोल्ट ढिले करा आणि ताण स्प्रिंगलाच देऊ द्या, स्क्रूड्रायव्हरने दाबून जास्तीचा ताण देऊ नका, बेअरिंग बोंबलतं. मग क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन चालतं त्याच दिशेने अगदी थोडं फिरवा, ढील टेन्शनरकडे जाईल, तेव्हा बोल्ट आवळा. आणि मग क्रँकचे पूर्ण दोन फेरे हाताने. दोन का, तर क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा. परत टी-१ ला आणून बघा. फिरवताना कुठे अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. आणि उलटं फिरवायचं नाही, खूण पुढे गेली तर पुन्हा पूर्ण चक्कर मारून या.

आळशी_अजगर: एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा एखाद्या मेकॅनिककडे दे ना. सुटीच्या दिवशी माणसं झोपतात.

ओहायोकर: अजगरभाऊ, इथे चाळीस वर्षं जुनी मोटरसायकल म्हटलं की बरीच दुकानं फोनवरच नाही म्हणतात. आणि जी घेतात त्यांची ताशी मजुरी ऐकून झोप उडते.

दोन_चाकी_दादा: अजून एक, बाण बघताना डोळा पुलीच्या अगदी समोर ठेव. रेडिएटर काढला असला तरी त्या फेअरिंगमुळे (पुढचं मोठं आवरण) माणूस वरून तिरपं बघतो आणि तेवढ्यात खूण सरकलेली दिसते. मोबाइल पुलीसमोर धरून फोटो काढ, तो जास्त खरं सांगेल. आणि पुल्यांच्या मागे तेल दिसतंय का बघ. कॅमचं किंवा क्रँकचं पुढचं सील (तेल अडवणारी रबरी कडी) गळत असेल तर आत्ताच बदल, तेल लागलेला नवा बेल्ट पण टिकत नाही.

ओहायोकर: मिस्त्रीसाहेब, दंडवत. बाण मागे दिसत होता तोच दात धरला, टेन्शनर सोडले, थोडं फिरवलं, आवळले, दोन फेरे मारले, कुठेही अडकलं नाही. तिन्ही खुणा जागेवर. दादा म्हणाले तसा समोरून फोटो पण काढला, डावा बाण केसभर इकडेतिकडे असेल, त्याहून जास्त नाही. उजव्या कॅमच्या सीलखाली तेलाचा ओघळ दिसतोय, नवं सील मागवलंय, ते येईपर्यंत गाडी अशीच. म्हणजे उजवा बेल्ट परत काढणं आलं, पण आता भीती गेली.

शेवटचा प्रश्न, कव्हरच्या कडेची रबरी पट्टी लाकडासारखी कडक झालीये. सिलिकॉन लावून टाकू का?

सांगलीचा_मिस्त्री: नको. सिलिकॉनचा तुकडा आत सुटला तर बेल्टच्या दातात जाईल, आणि पुढच्या वेळी कव्हर उचकटताना फुटेल ते वेगळंच. ती पट्टी धूळ-पाणी अडवायला आहे, आत तेलाचं प्रेशर नसतं. नवी मिळाली तर बघा, नाहीतर योग्य जाडीची रबरी पट्टी कापून खाचेत बसवा. कव्हरचे बोल्ट बारीक असतात आणि ॲल्युमिनियमच्या आट्या पटकन जातात, हातानेच आवळा, मशिन लावू नका.