मदत हवी आहे: ९० च्या वर गाडी थरथरते, अलाइनमेंट करूनही फरक नाही

पाथर्डीफाटा
जरा लवकर सांगा. गाडी ९० च्या वर गेली की थरथरायला लागते. शहरात काहीच नाही. अलाइनमेंट करून घेतलं, तरी तसंच. मेकॅनिक म्हणतो सस्पेन्शन उघडावं लागेल आणि खर्च बराच सांगतोय. रविवारी आई-बाबांना घेऊन ठाण्याला जायचंय, इगतपुरीला समृद्धी महामार्ग धरून आमण्याला उतरणार. नेमकं काय बदलावं लागेल?

ओझरकर
गाडी कोणती? किती चाललीय? थरथर स्टिअरिंगला आहे की सीटला? ब्रेक लावल्यावर वाढते का? ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढते का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग बदलायचं काय हे कसं सांगणार?

पाथर्डीफाटा
पेट्रोल हॅचबॅक, २०१८ ची, ५८ हजार किमी. स्टिअरिंग हादरतं. ब्रेकचा संबंध नाही, नुसतं चालवताना होतं.

सिडको_तिसरी_स्कीम
चारही टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्या. मी भरल्यापासून गाडी एकदम स्मूथ झाली.

ओझरकर
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्याने थरथर जात नाही. तुमच्या टायरमध्ये आधी प्रेशर कमी-जास्त असेल, ते सारखं झालं म्हणून फरक पडला.

अंबड_एमआयडीसी
इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते, बघा आधी. माझ्या गाडीचं तेच निघालं होतं, गॅरेजवाले उगाच चाकांमागे लागले होते. रबर फाटलं की अख्खी बॉडी हादरते.

ओझरकर
माउंटिंग गेलं तर सिग्नलला उभ्या गाडीत, एसी चालू असताना जास्त कळतं. यांना शहरात काहीच होत नाही. रिकाम्या सपाट रस्त्यावर ९५ ला न्यूट्रल करून बघा. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनाचा नाही.

घोटीवाली
हायवेवर न्यूट्रल करायला सांगू नका हो कोणाला! रोज बघते मी त्या रस्त्यावर काय काय होतं ते. आणि कसारा घाटात तर चुकूनही नको, नुसत्या ब्रेकवर गाडी आली की ब्रेक तापतात.

अंबड_एमआयडीसी
न्यूट्रलची गरजच नाही. ९० चा स्पीड एकदा चौथ्या गिअरमध्ये आणि एकदा पाचव्यात धरा. इंजिनाचे फेरे बदलतात, चाकांचे बदलत नाहीत. दोन्हीकडे थरथर सारखीच आली तर चाकं, हे मलाही मान्य. पण माउंटिंग बघाच.

पाथर्डीफाटा
विल्होळी ते वाडीवऱ्हे करून आलो. चौथ्या-पाचव्यात सारखंच. ८५ ते १०५ मध्ये जास्त, पुढे थोडं कमी होतं. आता काय बदलू?

ओझरकर
बॅलन्सिंग केलंय का?

पाथर्डीफाटा
अलाइनमेंट केलं म्हटलं ना.

ओझरकर
दोन्ही वेगळी कामं आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो. बॅलन्सिंग म्हणजे फिरत्या चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे की नाही ते. थोड्या ग्रॅमचा फरक असला तरी ९०-१०० ला हातात जाणवतो. स्टिअरिंग हललं तर बहुतेक पुढची चाकं, सीट आणि खालचा पत्रा हलला तर मागची. सस्पेन्शन उघडायच्या आधी पुढची चाकं काढायला लावा आणि स्वतः जवळ उभे राहा. रिमच्या आतल्या बाजूला पावसाळ्यातला चिखल वाळून चिकटलेला असतो, तो खरवडल्याशिवाय चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवू देऊ नका. बॅलन्सिंगसाठी रिमला लावलेलं छोटं वजन निघून गेलं असेल तर कडेला तेवढीच जागा स्वच्छ दिसते. चाक फिरत असताना मशीनवरच्या आकड्याकडे बघू नका, रिमच्या कडेकडे बघा. कड वर-खाली नाचत असेल तर रिम बेंड आहे, मग वजनं लावून उपयोग नाही.

मेरीकर
समृद्धीवर टू-व्हीलरला परवानगी नाही, लक्षात ठेवा. कारला १२० ची मर्यादा आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला.

सिडको_तिसरी_स्कीम
टू-व्हीलरचं कोणी विचारलं? नाशिकच्या द्वारका चौकात किती वेळ अडकायला होतं त्यावर बोला त्यापेक्षा.

पाथर्डीफाटा
सापडलं. पुढचं डावं चाक. रिमची आतली कड वाकलीय आणि टायरला आतल्या बाजूनं लिंबाएवढा फुगा आलाय. बाहेरून उभं राहून काहीच दिसत नव्हतं. खड्ड्यात जोरात आपटली होती मागे, तेव्हाचंच असणार. सस्पेन्शन हलवून बघितलं, कुठेही प्ले (ढिलेपणा) नाही. आता स्टेपनी लावून रविवारी जाऊ का? रिम ठोकून सरळ होईल म्हणतात.

ओझरकर
त्या टायरवर हायवेला अजिबात जाऊ नका. आतले धागे तुटल्याशिवाय फुगा येत नाही, आणि तो दुरुस्त होत नाही. कधीही फुटू शकतो, तोही पुढचा. लोखंडी रिम असेल तर सरळ करून घ्या, पण नंतर मशीनवर परत फिरवून बघा. स्टेपनीच्या कडेवर चार आकडे असतील ते सांगा.

पाथर्डीफाटा
२२१८. नक्षी अगदी नवी आहे, वापरलीच नाही.

ओझरकर
म्हणजे टायर २०१८ च्या २२ व्या आठवड्यात बनलेला. डिकीत पडूनसुद्धा रबर कडक होतं. गॅरेजपर्यंत जायला ठीक, आई-बाबांना घेऊन समृद्धीवर १०० ला नको. पुढचे दोन्ही नवे घ्या.

घोटीवाली
नवे दोन घ्या, पण मागे लावा. पुढचा चांगला जुना आणि मागचे दोन यातले कमी झिजलेले दोन पुढे.

अंबड_एमआयडीसी
उलटं सांगताय. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा भार पुढे. नवे पुढेच हवेत.

घोटीवाली
पुढची घसरली तर गाडी सरळ जाते, स्पीड कमी केला की सावरते. मागची घसरली की गाडी गिरकी घेते आणि ती साध्या ड्रायव्हरला सावरत नाही. टायर कंपन्याही नवी जोडी मागेच लावायला सांगतात. आमच्या इगतपुरी-घोटीच्या पावसात हे फार महत्त्वाचं आहे.

अंबड_एमआयडीसी
मी इतकी वर्षं पुढेच लावतोय.

ओझरकर
घोटीवालींचं बरोबर आहे. मात्र पुढे जे येतील त्यांची नक्षी बघून घ्या. १.६ मिमी ही कायद्याची मर्यादा आहे, त्याच्या जवळ आलेले लावू नका. आणि चाकं खोलली आहेत, तर थोडं चालवून झाल्यावर नट पान्ह्यानं पुन्हा तपासा.

पाथर्डीफाटा
दोन नवे घेतले, मागे लावले. रिम सरळ झाली, चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं. गोंद्यापर्यंत १०० ला नेऊन आणली, स्टिअरिंग शांत. माउंटिंगही दाखवलं, ठीक आहे. सगळ्यांचे मनापासून आभार, घोटीच्या ताईंचे खास.

जेलरोड_७७
माझी एसयूव्हीपण थरथरते, बॅलन्सिंगचा खर्च किती आला?

ओझरकर
कधी थरथरते?

जेलरोड_७७
ब्रेक दाबल्यावर.

ओझरकर
मग तुमचं वेगळं आहे, पुढच्या डिस्क तपासा. नवा धागा काढा आणि गाडी, किलोमीटर सगळं आधीच लिहा.