अभ्यासिकेतला मोबाईल डिटेक्टर: वाजला की दंड, हे पटतं का?

रात्रीचीबॅच:
जुळे सोलापुरातल्या आमच्या अभ्यासिकेत भिंतीवर मोबाईल डिटेक्टर बसवलाय. पांढरी डबी, वर लाल दिवा. चालू फोन टिपला की त्यातली रेकॉर्ड केलेली बाई खणखणीत आवाजात "कृपया आपला मोबाईल बंद करा" म्हणते. इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण आता नवा नियम निघालाय. दिवा लागला की डबीखालच्या रांगेने फोन काढून दाखवायचे, ज्याचा चालू सापडेल त्याला पन्नास रुपये दंड. कुणाचाच सापडला नाही तर सगळ्या रांगेकडे संशयाने बघणार. त्या भिंतीपलीकडे रस्ता आहे, रिक्षा थांबतात. यंत्राला रिक्षावाल्याचा फोन आणि माझा फोन वेगळा कळतो का? यंत्र ठेवा, दंड काढा, एवढंच म्हणणं आहे.

किल्लीवाला:
मी अक्कलकोट रोडकडे दुसरी अभ्यासिका चालवतो, त्यामुळे समोरची बाजू मांडतो. डिटेक्टर नव्हता तेव्हा एक जण रील लावायचा, शेजारचे दोघे मान वाकडी करून बघायचे आणि चौथा माझ्याकडे तक्रार घेऊन यायचा. मी ओरडलो की वाईट मी. आता मी गप्प, भिंत ओरडते. पन्नास रुपये जड वाटत असतील तर फोन बंद ठेवायला काही पैसे पडत नाहीत.

शेंगाचटणी:
भिंत ओरडते म्हणे! आमच्याकडं ती बाई रीलपेक्षा मोठ्यानं बोलायली मालक. एकाचा फोन वाजतो आणि अख्खा हॉल मान वर करून दिवा बघत बसतो. आवाज बंद करून नुसता दिवा ठेवायची सोय असते त्यात, ती का वापरत नाहीत?

एमआयडीसीचाबाप:
दंड पाहिजेच. आम्ही पाळी करून महिन्याचे पैसे भरतो ते पोरानं तिथं बसून इन्स्टा बघावं म्हणून नाही. घरात सांगून सांगून तोंड दुखलं. तिथं तरी कुणाचा तरी धाक असू दे.

सोल्डरगन:
नवी पेठेत रिपेअरिंगचं काम करतो, असल्या डब्या उघडून बघितल्यात. आधी ती करते काय ते बघा, मग दंडाचं बोलू.

डिटेक्टर फोन शोधत नाही. फोनने हवेत सोडलेल्या लहरी तेवढ्या ऐकतो. बंद फोन किंवा फ्लाइट मोडवरचा फोन टॉवरशी बोलतच नाही, म्हणून तो नाकासमोर असला तरी डबी गप्प. उलट खिशातल्या, हातही न लावलेल्या फोनचा डेटा चालू असेल तर तो अधूनमधून बोलत राहतो. व्हॉट्सअ‍ॅप काही आणतं, मेल येतो, टॉवरकडे हजेरी लागते. पोरगा मान खाली घालून पॉलिटी वाचतोय आणि दिवा त्याच्यावर लागतो, ते असं.

टूजीच्या काळात हे काम सोपं होतं. ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात फोन ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर बोलायचा आणि टॉवर ९३५ ते ९६० वर. खालच्या पट्ट्यात आवाज आला की समजायचं, फोन जवळ आहे. शिवाय तो फोन दोन वॅटपर्यंत जोर लावायचा. रेडिओजवळ ठेवला तर कॉल यायच्या आधी टर्र-टर्र व्हायचं, आठवतंय? फोरजीच्या फोनचा जोर साधारण ०.२ वॅटवर संपतो. त्यातही २३०० मेगाहर्ट्झचा फोरजी आणि ३३०० चा फाईव्हजी असा आहे की टॉवर आणि फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलतात. स्वस्तातल्या डबीला कोण बोललं ते ओळखता येत नाही. सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे किती हलकी लहर धरायची त्याचा, स्क्रू वाढवला की टॉवरलाच फोन समजते, कमी केला की चार बाकं पलीकडचा खरा फोन सुटतो.

वर आणखी गंमत म्हणजे सिग्नल कमी असला की फोन ओरडतो आणि टॉवर जवळ असला की पुटपुटतो. त्यामुळे खोक्यावर छापलेलं अंतर प्रत्येक इमारतीत वेगळं निघतं.

रात्रीचीबॅच:
म्हणजे रिक्षावाल्याचा फोन धरू शकतो?

सोल्डरगन:
भिंत नऊ इंची विटांची असली तरी धरू शकतो. बाजूला खिडकी असेल तर विचारूच नका.

किल्लीवाला:
सोल्डरगन, तुमचं सगळं मान्य. पण शंभर टक्के पकडत नाही म्हणून काढून टाकायचा का? बोर्डाच्या परीक्षेत भरारी पथक तरी प्रत्येक वर्गात कुठं बसलेलं असतं? येईल या धाकानेच निम्मं काम होतं.

आणि फ्लाइट मोडवरचा फोन सुटतो म्हणता, तो मला सुटायलाच पाहिजे! त्यावर रील येत नाही, कॉल येत नाही. पोरगं डाउनलोड केलेल्या नोट्स वाचत असेल तर खुशाल वाचू दे. परीक्षा केंद्रात हा दोष आहे, तिथं पीडीएफ उघडली तरी कॉपीच. अभ्यासिकेत मला फोन नको असं नाहीच, नेट नको आहे.

शेंगाचटणी:
आणि फ्लाइट मोडवर पिक्चर बघायलंय त्याचं काय? हेडफोन घालून अख्खा सिनेमा बघतो एक जण, डबीच्या बरोबर खाली बसून. दंड शून्य. लाईट गेली की तर डबीच बंद, कारण तिचं अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या लाईनवर नाही. तेवढ्यात निम्मा हॉल फोन काढतो बे!

किल्लीवाला:
ते अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरवर घ्यायला सांगा, वायरमनचं दहा मिनिटांचं काम आहे.

होटगीरोड_९:
एवढी चर्चा कशाला, जॅमर लावा. विषय संपला.

सोल्डरगन:
विषय तिथंच सुरू होईल. जॅमर खासगी माणसाला लावता येत नाही, सरकारची परवानगी लागते. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये हे पुन्हा बजावलंय, विकणं आणि विकत घेणंसुद्धा त्यात आलं. डिटेक्टर फक्त ऐकतो, जॅमर हवेत गोंधळ घालतो. शेजारच्या घरातून १०८ ला फोन लागला नाही तर अभ्यासिकेचा मालक काय उत्तर देणार?

संध्याकाळचीबस:
मुलींच्या बाजूने कुणी बोललंच नाही. मी नऊला निघते, भाऊ न्यायला येतो. तो चौकात पोचला की फोन करतो. फोन बंद ठेवला तर तो बाहेर ताटकळतो, चालू ठेवला तर पन्नास रुपये. एकदा तर दिवा लागल्यावर माझ्याकडे स्क्रीन उघडून मागितली. फोन चालू आहे का एवढं बघायचं असेल तर मेसेज कशाला वाचायचे? दंडापेक्षा मला हे जास्त खटकतं.

एमआयडीसीचाबाप:
ताई, तुमचं खरं आहे. स्क्रीन मागायला नको. पण मग दाराजवळ लॉकर करा आणि फोन तिथंच ठेवा की. निरोप असेल तर काउंटरवरच्या माणसाला घरच्यांनी फोन करावा. आमच्या वेळी असंच होतं.

संध्याकाळचीबस:
काका, काउंटरवरचा माणूस आठलाच घरी जातो. पुढे कॅमेऱ्यावर चालतं सगळं.

किल्लीवाला:
लॉकरला माझी ना नाही, पण खर्च बघा. आणि चोरीला गेला की जबाबदारी कुणाची, हे भांडण डिटेक्टरपेक्षा महाग पडतं.

स्क्रीन उघडून बघणं चूक, आमच्याकडे तसं करत नाही. दंड मात्र मी काढणार नाही. नियम तोंडी ठेवला की तिसऱ्या दिवशी रील सुरू होते.

रात्रीचीबॅच:
दंड ठेवायचाच तर तो दिव्यावर नको, डोळ्यांनी बघितल्यावर घ्या. कुणी फोन वापरताना दिसला, घ्या पन्नास. दिवा लागला तर फक्त उठून एक फेरी मारा. रिक्षावाल्याच्या फोनचा दंड आमच्या रांगेतल्या कुणी का भरायचा?

किल्लीवाला:
हे मात्र करता येईल. पण फेरी मारायला माणूस लागतो, आणि माणूस परवडत नाही म्हणूनच तर डबी घेतली.

सोल्डरगन:
मग निदान डबी नीट तरी बसवा. रस्त्याकडची भिंत सोडून आतल्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या वर. वायफायचा राऊटर, ट्यूबलाईटचा चोक आणि इन्व्हर्टर यांच्यापासून लांब. पत्र्यावर किंवा लोखंडी कपाटाच्या मागे अजिबात नाही. मग हॉल रिकामा असताना दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घेऊन एकेका बाकावरून कॉल लावा, नंतर नुसता डेटा चालू करून बघा. कुठून दिवा लागतो ते कागदावर मांडा. तेच दोन फोन घेऊन बाहेर रिक्षा थांबतात तिथं उभे राहा. तिथून दिवा लागला तर स्क्रू कमी करा आणि पुन्हा बाकांवरून बघा.

रात्रीचीबॅच:
हे आमच्या सरांना दाखवतो. रविवारी दुपारी हॉल रिकामा असतो. सोल्डरगन दादा, येणार का? माझ्याकडे एकच सिम आहे.

सोल्डरगन:
चारनंतर येतो. स्क्रू फिरवायला सरांची परवानगी आधी काढून ठेव.