एक्स्पो लावा आणि झोपा? मग मे महिन्यात जागे व्हा!

बार्देशचा_बिट
काल इथे कुणीतरी एक्स्पोबद्दल (रॅमचा वाढीव वेग आणि टायमिंग, म्हणजे प्रत्येक कामाला किती थांबायचं ते आकडे, एका झटक्यात लावणारी एएमडीची सेटिंग) ठोकून दिलंय: "एक्स्पो लावा आणि झोपा. हाताने टायमिंग बदलणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, फरक शून्य." वर वाहवा करणारेही भरपूर. तिथे लिहिलं असतं तर त्या गर्दीत वाहून गेलं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

एक्स्पो म्हणजे ओव्हरक्लॉकच (अधिकृत मर्यादेपलीकडचा वेग), हे आधी मान्य करा. एएमडीचे रायझन ७००० प्रोसेसर रॅमच्या बाबतीत अधिकृतपणे ५२०० पर्यंत, ९००० मालिका ५६०० पर्यंत. खोक्यावरचं "६००० सीएल३०" (वेग ६०००, मुख्य टायमिंग सीएल ३०) हे रॅमच्या स्टिकचं प्रमाणपत्र, तुमच्या प्रोसेसरचं नव्हे. न तपासता झोपणाऱ्याने नशिबावर भरवसा ठेवलेला असतो.

आता "फरक शून्य"चं बघू. १६ गिगाबिट चिपला एक रिफ्रेश पुरा करायला जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २९५ नॅनोसेकंद दिलेत, ६००० वर ८८५ क्लॉक (रॅमच्या घड्याळाचे ठोके). असा रिफ्रेश दर ३.९ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे ११,७०० क्लॉकनी येतो. भागाकार करा. साडेसात टक्के वेळ रॅम काही देत नाही, स्वतःचा चार्ज भरत बसते. चिप हायनिक्स कंपनीची ए-डाय असेल तर टी-आरएफसी (एका रिफ्रेशला लागणारे क्लॉक) ४८० ला सहसा कुरकुर करत नाही. त्यात टी-रेफी (दोन रिफ्रेशमधलं अंतर) ५०,००० केलं की तोच वेळ एक टक्क्यावर येतो. हे शून्य?

कृती: बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, यूपीएसवर, लाईट खेळत नसताना. दोनच स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. एक्स्पो चालू करून मेमरी क्लॉक आणि यूक्लॉक (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं क्लॉक) १:१ आहेत ना ते बघा. एसओसी व्होल्टेज ऑटोवर सोडू नका, हाताने १.२० द्या आणि अडलं तरच थोडं थोडं वाढवा. २०२३ मध्ये एक्स३डी (जादा कॅशवाले) प्रोसेसर जळाले, तेव्हा एएमडीने १.३ वर कुलूप घातलं ते उगाच नाही. मग एका वेळी एकच टायमिंग. सीएल सम आकडाच घेतं, २९ लिहून वेळ घालवू नका. दर बदलानंतर टेस्टमेम५ ही रॅमची चाचणी, शेवटी वाय-क्रंचरची. पहिल्या मिनिटातच एरर आली तर मुख्य टायमिंग किंवा व्होल्टेज बघा. चाळीस मिनिटांनी, स्टिक तापल्यावर आली तर संशय टी-रेफी आणि टी-आरएफसीवर. स्क्रीन काळी राहिली म्हणून लगेच सीमॉसची (बायोस सेटिंग जपणारी) बॅटरी उपटू नका, डीडीआर५ चं ट्रेनिंग (चालू होताना रॅमशी जुळवून घेणं) काही मिनिटं खातं.

मडगाव_मदरबोर्ड
बिटबाब, भागाकार बरोबर, निष्कर्ष गंडलाय. ७८००एक्स३डी वाल्याकडे ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) आहे, बहुतेक गेम रॅमपर्यंत पोचायच्या आधी तिथेच भागवून घेतात. त्याला तुमचे हे साडेसहा टक्के भिंग लावून शोधावे लागतील.

आणि धोका? मेमरीतला प्रत्येक कॅपॅसिटर म्हणजे गळका माठ. तापला की जास्त गळतो. म्हणून तर ८५ अंशांपुढे दुप्पट रिफ्रेश करा असं जेडेक सांगतं. तुम्ही तो चार पटींनी विरळ करून बसलात. गोव्यात ही चाचणी होते कधी? रात्री, एसी २३ वर ठेवून. मग मे महिन्यातली दुपार, लाईट गेली, एसी बंद, खोली ३३ अंशांवर, इन्व्हर्टरवर मशीन चालू, खालून ग्राफिक्स कार्ड ३०० वॉट ओकतंय. स्टिक साठीत जाते, एक बिट उलटतो आणि विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ओळसुद्धा येत नाही.

"डीडीआर५ मध्ये ईसीसी असतं ना" हे कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच: ते चुका दुरुस्त करणारं तंत्र चिपच्या पोटातलं, एका बिटपुरतं. चिप ते प्रोसेसर या वाटेवर जे बिघडतं, त्यावर त्याचा काही ताबा नाही. ज्याच्या मशीनवर लग्नाचे फोटो आणि जीएसटीच्या फाइली आहेत, त्याने एक्स्पो लावावा आणि खरंच झोपावं.

बार्देशचा_बिट
इन्व्हर्टरवर ३०० वॉटचं कार्ड चालवणारा एक माणूस दाखवा, मग बोलू.

साखळीचा_सोल्डर
तुम्ही दोघं नॅनोसेकंद मोजत बसा. गोव्यात रॅम अडते ती दमटपणाने. जून लागला की "डिस्प्ले येत नाही" सुरू. स्टिक काढा, खोडरबरने सोनेरी पट्टी घासा, बसवा, चालू. दहातल्या आठ मशीन अशाच उठतात. टी-रेफी गेलं खड्ड्यात.

फोंडा_फर्मवेअर
खोडरबर!! अजून? त्या पट्टीवरचा सोन्याचा थर एका मायक्रोमीटरच्याही आत असतो. निळ्या-लाल खोडरबरची निळी बाजू म्हणजे सरळ सरळ पॉलिश पेपर. सोनं गंजत नाही, गंजतं ते त्याखालचं निकेल आणि तांबं, थरातल्या बारीक छिद्रांतून. घासून तुम्ही ती छिद्रं मोठी करता. यंदा चालू झालेली स्टिक पुढच्या पावसात पुन्हा तुमच्याच टेबलावर. वर घासताना स्टॅटिक होतं ते वेगळंच.

साखळीचा_सोल्डर
गिऱ्हाईक परत येतं म्हणून मुद्दाम घासतो असं म्हणायचंय का? तसं असेल तर स्पष्ट लिहा. एवढ्या रॅम घासल्यात, एकही मेली नाही.

फोंडा_फर्मवेअर
हेतूबद्दल बोललोच नाही, टोपी तुम्ही स्वतःच घालून घेतलीत. मेली की नाही हे तुम्हाला कळणार कसं? विंडोज उघडलं की तुमची चाचणी संपली. स्टिक काढून पुन्हा बसवली तरी निम्म्या वेळा डिस्प्ले येतो, कारण बसवतानाच पट्टी खाचेतल्या पिनांवर घासून साफ होते. श्रेय मात्र खोडरबरला.

नीट करायचं तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. पट्टीच्या लांबीवर आडवं पुसू नका, वरून खाली एकाच दिशेने पुसा, पाच मिनिटं सुकू द्या. ७० टक्केवालं औषधाच्या दुकानातलं नको, त्यात उरलेलं पाणी असतं. खाचेत ब्रश घालू नका, आतल्या पिना वाकतात आणि मग बोर्डच बदला.

वास्को_वॉट
या वादात खरा गुन्हेगार सुटतोय: एसी. २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू साधारण २६ वर येतो. रात्रभर २१ अंशांत बंद पडलेलं कॅबिनेट, सकाळी खिडक्या उघडल्या की फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखं घामेजतं. किनाऱ्याजवळ त्यात मिठाची भर. एसी बंद केल्यावर लगेच मशीन चालू करू नका, अर्धा-पाऊण तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. चवथीला आठवडाभर घर बंद राहणार असेल तर सिलिका जेलची पाकिटं कॅबिनेटमध्ये टाकण्यात अर्थ नाही, जाळीतून हवा येतच राहते. प्लगवरून काढून ठेवा, आलात की आधी खोली सुकवा.

साखळीचा_सोल्डर
म्हणजे दमटपणाच. मी काय वेगळं म्हणत होतो?

फोंडा_फर्मवेअर
रोग बरोबर ओळखलात. औषध चुकीचं.

मडगाव_मदरबोर्ड
मालकांनी धागा कशावर काढला होता, आठवतंय का कुणाला?

बार्देशचा_बिट
आठवतंय. आणि आता, दातओठ खाऊन का होईना, थोडं मान्य करतो. टी-आरएफसी ४८० धरा. टी-रेफी ११,७०० ला रिफ्रेशचा वाटा ४.१ टक्के, ३२,७६७ ला १.५, ६५,५३५ ला ०.७. म्हणजे मलई सगळी ३२,७६७ पर्यंतच. पुढच्या एका टक्क्याच्या आतल्या फायद्यासाठी तापमानाशी पंगा घेणं मूर्खपणाचं, हे मदरबोर्डबाबांचं खरं. माझे ५०,००० मागे घेतो. टी-आरएफसी मात्र मागे घेणार नाही, ८८५ चं ४८० केल्याने व्होल्टेज वाढत नाही आणि निम्म्याजवळ वेळ वाचतो.

चाचणीचंही बरोबर. मे महिन्यात, दुपारी दोनला, एसी बंद, कॅबिनेटचं झाकण लावून, टेस्टमेम५ सोबत ग्राफिक्स कार्डवरही लोड. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसपीडी हबचं (स्टिकवरच्या सेन्सरचं) तापमान पन्नाशीच्या बरंच पुढे गेलं तर स्टिकवर १२० मिमीचा पंखा टाका, नाहीतर टी-रेफी उतरवा. जानेवारीत पास झालेलं प्रोफाइल जानेवारीपुरतंच.

मडगाव_मदरबोर्ड
चला, अर्धा तरी जमिनीवर आलात. मीही अर्धा देतो: एक्स३डी नसलेल्यांनी टी-आरएफसी बदलावं. पण आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ची चाचणी, मग विंडोज. अर्धवट स्थिर रॅमवर विंडोज उघडून सिस्टीम फाइली बिघडवल्या की ते पाप टायमिंग मागे घेऊनही धुतलं जात नाही.

आणि मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर (आधीचं ट्रेनिंग जपून लवकर चालू होणं) चालू करणार असाल तर पॉवर डाउनही (रॅमची वीज वाचवणारी सेटिंग) चालूच ठेवा. एक चालू, एक बंद ठेवून "रॅम खराब आली" म्हणून दुकानदाराशी भांडणारे इथेच आहेत.

पर्वरी_पिन
माझ्याकडे दोनच्या दोन जोड्या आहेत, चार स्टिक. ६००० चालेल?

वास्को_वॉट
चार स्टिकना एएमडीचा अधिकृत आकडा ३६०० आहे. ६००० म्हणजे लॉटरी. चारही विका आणि ३२ जीबीच्या दोन घ्या.

साखळीचा_सोल्डर
पांढरा, मऊ खोडरबर तरी चालेल का?

फोंडा_फर्मवेअर
नाही.