विषय: उन्हाळ्यात सासू-सासरे येतायत, शिकागोत न्यायचं कुठे?

प्रेषक: नेहा (नेपरव्हिल)
२ जून

नमस्कार मंडळी,

सासूबाई आणि सासरे १४ तारखेला नाशिकहून येतायत, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत राहतील. यायचा आनंद आहेच, पण या तीन महिन्यांची मला धास्तीही वाटते. दोन वर्षांपूर्वी माझे आई-बाबा आले होते. आम्ही दोघंही तेव्हा नोकरीत बुडालेलो. आठवडाभर ते घरात, आणि शनिवार-रविवारी वाणसामान, मॉल, देऊळ. आईने एका शब्दाने तक्रार केली नाही. विमानतळावर मात्र म्हणाली, "घर छान आहे गं तुमचं, गाव काही बघायचं राहिलंच." ते अजून टोचतं.

नेटवर शोधलं की 'या वीकेंडला काय कराल' अशा याद्यांवर याद्या येतात. निम्म्या बारच्या, उरलेल्यांची तिकिटं चौघांची म्हटली की पोटात गोळा येतो. सासरे निवृत्त शिक्षक आहेत, इतिहास त्यांचा जीव की प्राण, पण गुडघ्यांमुळे जास्त चालवत नाही. सासूबाईंना माणसं लागतात. नाशिकला त्यांचं भजनी मंडळ आहे, घरात एकट्या बसल्या की त्या कोमेजतात. माझं काम घरूनच असतं आणि बुधवारी मला अर्धा दिवस मोकळा मिळतो.

तुम्ही तुमच्या आई-वडिलांना कुठे नेता? आणि हे सगळं तुम्हाला कळतं कुठून?

नेहा

प्रेषक: श्रीकांतकाका (स्कोकी)
२ जून

चि. नेहा,

डेव्हन अॅव्हेन्यू, आपल्या देशी दुकानांचा रस्ता, तिथे तू नेशीलच, त्याबद्दल सांगत नाही. सासरे इतिहासाचे म्हणतेस, तर त्यांना मिशिगन अॅव्हेन्यूवर आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाच्या दारात घेऊन जा. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंद याच इमारतीत बोलले. ज्या सभागृहात बोलले ते आता राहिलेलं नाही, इमारत मात्र तीच आहे, आणि समोरच्या रस्त्याच्या तुकड्याला १९९५ पासून स्वामीजींचं मानाचं नाव आहे. पाटी दाखव त्यांना. त्याच सर्वधर्म परिषदेत मुंबईचे ब्राह्मो समाजी बी. बी. नगरकरही बोलले होते आणि जैनांच्या वतीने वीरचंद गांधी. नगरकरांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. गुरुजींना सांग, त्यांना बरं वाटेल.

पाटी बघायला पैसे पडत नाहीत.

काका

प्रेषक: वैशाली (ओक पार्क)
३ जून

प्रिय नेहा,

तुझ्या आईचं वाक्य वाचलं आणि कामाला हात लागेना, म्हणून आधी हे लिहायला बसले. मी १९९८ ला इथे आले. पहिली सहा-सात वर्षं आमचंही तेच: घर, दुकान, देऊळ, मंडळाची दिवाळी. शहर गाडीच्या काचेतून बघायचं. मग एकदा लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले असताना दाराजवळच्या फळ्यावर एक कागद दिसला. ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल, मोफत. मला वाटलं, एखाद्या दिवसाचं असेल. नीट वाचलं तर आठवड्यातून तीनदा, जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आणि १९३५ पासून चालू! मी इतकी वर्षं त्याच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर राहत होते.

तेव्हापासून मी एकच करते. कार्यक्रम शोधत नाही, जागा शोधते. जिथे दर आठवड्याला ठरल्या वेळी काहीतरी होतंच, अशी जागा एकदा माहीत झाली की पुन्हा शोधायला लागत नाही. तू ज्या याद्या वाचतेस त्यांत या जागा वर येत नाहीत, कारण तिथे तिकीट विकणारं कुणी नसतं, म्हणून जाहिरात करणारंही कुणी नसतं. ही माहिती लायब्ररीच्या फळ्यावर असते, पार्कमधल्या फील्डहाउसच्या, म्हणजे तिथल्या सार्वजनिक इमारतीच्या, भिंतीवर असते, वॉर्डाच्या पत्रकात असते. शिकागोत ५० वॉर्ड आहेत, आणि बऱ्याच आल्डरमनकडून, म्हणजे नगरसेवकांकडून, रहिवाशांना नेमाने ईमेल येतं. रस्ता कधी खोदणार तेही त्यातच आणि कुठल्या बागेत रात्री सिनेमा दाखवणार तेही त्यातच. तू उपनगरात राहतेस म्हणून काय झालं, आवडलेल्या वॉर्डाच्या यादीत नाव घालायला कुणी अडवत नाही. मी चार वॉर्डांची पत्रकं घेते.

आता त्या फेस्टिव्हलबद्दल सविस्तर सांगते, कारण तुमच्यासाठी ते फार सोयीचं आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा हा महोत्सव २००४ पासून मिलेनियम पार्कमधल्या प्रित्झकर पॅव्हिलियन या खुल्या रंगमंचावर होतो. बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, शनिवारी साडेसातला. एखाद्या आठवड्यात बदल असतो, आधी बघून घ्यायचं. पुढे पाठीच्या खुर्च्या आहेत, साधारण चार हजार. गुडघेवाल्यांनी खुर्चीच धरावी, हिरवळीवर बसलं की उठताना त्रास. अगदी पुढचा भाग सभासदांसाठी राखून असतो, त्याच्या मागे ज्याला जागा मिळेल त्याची. हिरवळीवर पोलादी नळ्यांची भली मोठी जाळी आहे, स्पीकर तिला टांगलेले आहेत, त्यामुळे सगळ्यात मागे बसलेल्यालाही नीट ऐकू येतं. डबा न्यायला परवानगी आहे. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं नेते. शाल घे, अगदी जुलैतसुद्धा. मिशिगन तळ्यावरून वारा सुटला की ऊन गेल्या गेल्या गारठतं.

पण खरी गंमत दिवसा आहे, आणि ती फार कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या तालमी त्याच मंचावर होतात आणि त्याही सगळ्यांना खुल्या असतात.

माझे बाबा २००७ ला मिरजेहून आले होते. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून चार पावलांवर, त्यामुळे लहानपणापासून तारा जुळवण्याचे आवाज त्यांच्या कानावर. पाश्चात्त्य संगीताचं त्यांना ओ की ठो ठाऊक नव्हतं. एका दुपारी त्यांना तालमीला बसवलं आणि मी जवळच कामाला गेले. परत आले तर जागचे हलले नव्हते. म्हणाले, "तो मधला माणूस हात वर करून सगळ्यांना थांबवतो, एकट्या मागच्या बाईला काहीतरी सांगतो, आणि मग तेवढाच तुकडा पुन्हा. पाच वेळा केला. पाचव्यांदा मलाही कळलं काय चुकत होतं ते." त्यानंतर त्या उन्हाळ्यात तालीम असेल त्या दिवशी ते डबा घेऊन जायचे. ओक पार्कहून शहरी रेल्वेच्या ग्रीन लाईनने एकटे! ट्रेनमधून परत आले की मला सांगत, आज कुठल्या वाद्याची तार उतरली होती. मुलीच्या घरी आलेला पाहुणा म्हणून ते राहिलेच नाहीत. त्यांना रोज जायला एक ठिकाण होतं.

तुझा बुधवार मोकळा आहे हे वाचून मी खूश झाले. पार्कच्या समोर, रस्ता ओलांडला की शिकागो कल्चरल सेंटर. १८९७ ची इमारत, आधी शहराची मुख्य लायब्ररी होती. आत जायला पैसे नाहीत. वर ३८ फूट व्यासाचा टिफनी काचेचा घुमट आहे, आणि बुधवारी दुपारी सव्वाबाराला पियानोवादक डेम मायरा हेस यांच्या नावाने मोफत मैफल असते, १९७७ पासून. पाऊण तासाची, म्हणजे वडीलधाऱ्यांना कंटाळा यायच्या आत संपते. लिफ्ट आहे, स्वच्छतागृह आहे, बसायला बाकं आहेत. आई-वडिलांना घेऊन फिरणाऱ्यांना या तीन गोष्टी किती महत्त्वाच्या असतात ते निराळं सांगायला नको.

गाडी आणू नकोस. तिथलं पार्किंग फार महाग पडतं. नेपरव्हिलहून मेट्राने, म्हणजे उपनगरी रेल्वेने, युनियन स्टेशन, तिथून पुढे मैलभर. गुडघ्यांसाठी बस घ्या.

तुझी,
वैशालीताई

प्रेषक: संदीप (शॉमबर्ग)
३ जून

नेहा, एक सावधगिरीची सूचना. म्युझियमच्या 'फ्री डे'ला आई-बाबांना घेऊन जाणार असशील तर आधी नियम वाच. ते दिवस इलिनॉयच्या रहिवाशांसाठी असतात. आम्ही गेल्या वर्षी एका मोठ्या म्युझियमला गेलो. खिडकीवर प्रत्येक मोठ्या माणसाचा राज्यातला पत्ता मागितला. आई-बाबांकडे भारतीय पासपोर्ट. मागे भलीमोठी रांग, आणि बाबा मला मराठीत सांगतायत, "राहू दे, आपण बाहेर बसू." तिकिटं काढली, पण त्यांचा मूड गेला तो गेलाच. आत ते काही बघेनात, कॅफेत बसून राहिले. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, पण मला आधी माहीत असायला हवं होतं.

संदीप

प्रेषक: वैशाली (ओक पार्क)
४ जून

संदीप, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. सार्वजनिक पार्कच्या जागेवरच्या म्युझियमांनी वर्षातले ५२ दिवस रहिवाशांना मोफत द्यावेत असा राज्याचा कायदा आहे. आपल्या करातून ती चालतात म्हणून ती सवलत. पाहुण्यांना ती लागू नाही.

म्हणून पाहुणे असताना मी कायम मोफत असलेल्या जागाच निवडते, जिथे दारात कुणी काही विचारत नाही. लिंकन पार्कचं प्राणिसंग्रहालय तसं आहे. गारफिल्ड पार्क कॉन्झर्व्हेटरीही छान, फक्त तिथले प्रवेशाचे नियम आधी बघून घ्यायचे. १९०८ चं काचघर, ग्रीन लाईनचं स्टेशन दारात. तिथे एका दालनात ऊस, केळी, कोको अशी गोड देणारी झाडं लावली आहेत. हिवाळ्यात कुणाचे आई-वडील आले तर पहिल्या आठवड्यात तिथेच न्या. बाहेर बर्फ आणि आत केळीचं पान हाताला लागतं, एवढ्याने माणसाचा चेहरा बदलतो.

आणि पिल्सनमधलं नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट. पिंक लाईन, एटीन्थ स्ट्रीट. तेही कायम मोफत. दर शरद ऋतूत तिथे 'मृतांचा दिवस' या मेक्सिकन सणाचं प्रदर्शन भरतं. गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांच्या आवडीचे पदार्थ, पाण्याचा पेला आणि झेंडू, झेंडूच झेंडू. माझी आई एका मांडणीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, हे तर पान वाढलंय." सर्वपित्री अमावास्या तिथे कुणी तिला समजावून द्यावी लागली नाही. शेजारी एक मेक्सिकन आजी होत्या, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बराच वेळ बोलत होत्या. झेंडू मुळात मेक्सिकोचाच, तिथून समुद्रमार्गे आपल्याकडे आला, हे मी आईला नंतर सांगितलं. तिला ते पटायला दोन दिवस लागले.

नेहाची मंडळी सप्टेंबरात परततायत, त्यांचं ते हुकेल. पण त्या काळात ज्यांच्या घरी पाहुणे आहेत त्यांनी जरूर जा.

वैशाली

प्रेषक: लतामावशी (नेपरव्हिल)
४ जून

नेहा बाळा, सगळे तुला शहरात पाठवतायत, पण तुझ्या घराजवळचं कुणी सांगितलं नाही. डाउनटाउनमध्ये सेंट्रल पार्क आहे ना, तिथे उन्हाळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी नेपरव्हिल म्युनिसिपल बँड वाजतो. हा बँड १८५९ पासूनचा आहे. मोफत. घरून घडीच्या खुर्च्या न्यायच्या आणि बसायचं. तुझ्या सासूबाईंना माणसं हवीत म्हणालीस. तिथे दर गुरुवारी तेच चेहरे येतात, तिसऱ्या खेपेला लोक आपणहून जागा धरून ठेवतात. मी अकरा वर्षं जाते. मी डाव्या बाजूच्या झाडाखाली असते, त्यांना माझ्याकडे सोड आणि तू तुझं काम कर.

मावशी

प्रेषक: नेहा (नेपरव्हिल)
१५ जुलै

मंडळी,

महिनाभर कुणालाच उत्तर दिलं नाही, माफ करा. ज्यांच्या घरी पाहुणे यायचेत त्यांच्यासाठी काय घडलं ते लिहिते.

पहिल्याच बुधवारी कल्चरल सेंटरला गेलो. पियानो आणि चेलो होता. सासरे घुमटाकडेच बघत बसले, मैफल संपल्यावर तिथल्या स्वयंसेवक बाईंना गाठून काचांबद्दल विचारू लागले. त्यांचं इंग्रजी पुस्तकी आहे, बाईंना ते फार आवडलं, अर्धा तास हिंडवलं त्यांनी. मग काकांनी सांगितलेली पाटी. पाटीखाली फोटो काढला आणि तो नाशिकच्या शाळेच्या ग्रुपवर गेला. नगरकरांबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. आता लायब्ररीच्या संगणकावर १८९३ च्या परिषदेचा छापील वृत्तांत वाचतायत आणि वहीत टिपणं काढतायत. काका, त्यांना तुमच्याशी फोनवर बोलायचंय, वेळ कळवा.

तालमीला एकदा गेलो. वैशालीताई, खरं सांगायचं तर ती त्यांना रुचली नाही, ऊन फार होतं आणि सारखं थांबणं त्यांना खटकलं. संध्याकाळचा कार्यक्रम मात्र दोघांनाही आवडला. तुमच्या पुऱ्यांची आयडिया चोरली. मागच्या रांगेतल्या कुटुंबाला चार दिल्या, त्यांनी आम्हाला चेरी दिल्या.

सासूबाईंचं सांगायचं तर सगळं श्रेय मावशींचं. पहिल्या गुरुवारी त्या नाइलाजाने आल्या. दुसऱ्या गुरुवारी विचारलं, "आज आहे ना ते?" आता मावशींच्या झाडाखाली पाच-सहाजणी जमतात, त्यांत एक पोलिश आजी आहेत, एक चिनी. बँड सुरू व्हायच्या आधी सासूबाईंनी त्यांना टाळ्यांवर भजनी ठेका शिकवलाय म्हणे. हे मला मावशींकडून कळलं, त्या स्वतः काही बोलल्या नाहीत.

उद्या गुरुवार. खुर्च्या आजच गाडीत ठेवून झाल्यात, आणि एक जास्तीची घेतलीय. कुणासाठी ते अजून सांगितलेलं नाही.

नेहा