मदत हवी आहे: वजनाचा प्रश्न मुलांना एकदाच विचारू की दोनदा?

डी.एल.एड.च्या प्रकल्पासाठी जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या मुलांबरोबर पियाजे या मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्या घेते आहे. रूप बदललं तरी वस्तू तेवढीच राहते, हे मुलांना कळतं का, ते बघायचं आहे.

बुटक्या पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलं तर बहुतेक जण ‘तेवढंच’ म्हणतात. मातीच्या गोळ्याची वळी केली तरी माती तेवढीच, हेही पटतं. पण वजन विचारलं की, ‘लांब झाली, म्हणून हलकी.’ यात नवल नाही. वजनाची समज मागून, साधारण नऊ-दहाव्या वर्षी येते आणि आकारमानाची त्याहूनही उशिरा.

अडचण वेगळीच आहे. वळी करण्याआधी आणि नंतर मी तोच प्रश्न विचारते, तेव्हा काही मुलं माझ्या तोंडाकडे बघून उत्तर फिरवतात. बाई पुन्हा विचारतात म्हणजे पहिलं उत्तर चुकलं, हे त्यांना वर्गात पक्कं ठाऊक! रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी १९७४ मध्ये बदलानंतर एकदाच विचारलं, तेव्हा चुका कमी झाल्या होत्या.

अहिराणीत विचारून पाहिलं, वळी मुलांनाच करायला दिली. फारसा फरक नाही. तराजू आहे, पण उत्तराआधी दाखवत नाही. परवानग्या घेतल्या आहेत. दुसरा वर्ग मिळणार नाही.

मग याच मुलांना माती बदलून, कणीक घेऊन, एकदाच विचारलं तर ती उत्तरं ग्राह्य धरता येतील, की आधीच्या चाचणीचा परिणाम त्यात उतरेल?